'पुट अप' : एका क्रियापदाची अनेक बिऱ्हाडे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा आम्ही विषय म्हणून 'पुट अप' हे इंग्रजी क्रियापद सुचविले. मंडळातील काहींना आश्चर्य वाटले. इतिहासाच्या शिक्षकाने महाडवर लिहावे, नागपूरच्या धम्मदीक्षेवर लिहावे. इंग्रजी व्याकरणाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो थोडा लाजिरवाणा आहे. म्हणून प्रथम तेच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. तेव्हा नववी-दहावीचे इंग्रजीचे तास आमच्याकडे आले. आम्ही मार्गदर्शिका उघडून शिकवीत असू. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर. म्हणून 'पुट अप' म्हणजे वर ठेवणे, असे आम्ही फळ्यावर लिहिले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. त्या वर्गातील एक मुलगा पुढे स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एक फाईल त्याच्या हाती देऊन सांगितले, "हे प्रकरण उद्या पुट अप करा." त्याने ती फाईल नीट बांधून लोखंडी कपाटावर, अगदी वर, ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली तेव्हा त्याने अभिमानाने कपाटाकडे बोट दाखविले. सारी खोली हसली. एक जण म्हणाला, "सवलतीवर आलेल्यांचे असेच चालायचे."

ही हकिकत त्याने माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्हांला स्वतः हसत हसत सांगितली. "सर, आपणच फळ्यावर लिहिले होते ना, वर ठेवणे!" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्हांला मात्र हसता आले नाही. त्या रात्री आम्ही मोठा शब्दकोश काढून बसलो आणि या दोन अक्षरी-दोन अक्षरी जोडगोळीने किती घरांत बिऱ्हाड थाटले आहे ते पाहून थक्क झालो.

इंग्रजीत क्रियापदापुढे 'अप', 'आउट', 'ऑफ', 'इन' असा एखादा छोटा शब्द येऊन चिकटतो आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ होतो. अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात रूढ केले आणि ते सुचविल्याचे श्रेय ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. नाव नवे असले तरी अडचण जुनी आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश सिद्ध केला, तेव्हाच प्रस्तावनेत नोंदवून ठेवले की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याला हसणाऱ्यांपैकी कोणी ही प्रस्तावना वाचली असेल, असे वाटत नाही.

वास्तविक मराठी माणसाने या प्रकाराला भिण्याचे कारण नाही. आपले 'काढणे' हे क्रियापद घ्या. आपण चित्र काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, मोर्चा काढतो, झोप काढतो, खोड काढतो, समजूत काढतो, गेलेल्या माणसाची आठवण काढतो. आपल्या संस्थापकांनी शाळा काढली आणि शाळा काढल्यावर अनुदानाविना दिवस काढले. एकाच क्रियापदाने एकदा निर्मिती आणि लगेच सोसणे! परप्रांतीयाला मराठी शिकविताना 'काढणे म्हणजे बाहेर ओढणे' एवढेच सांगितले तर त्याची जी गत होईल, तीच आपल्या मुलांची 'पुट अप'पाशी होते.

पाली वाचणाऱ्यांना तर हे तत्त्व अधिकच ओळखीचे. पालीत वीस उपसर्ग मानले आहेत, फरक एवढाच की ते क्रियापदाच्या आधी येतात. 'गच्छति' म्हणजे जातो, 'आगच्छति' म्हणजे येतो, 'अनुगच्छति' म्हणजे मागोमाग जातो आणि 'अधिगच्छति' म्हणजे प्राप्त करून घेतो. रोज त्रिसरण घेताना आपण ज्या 'गच्छामि'चा उच्चार करतो त्याचेच हे सारे कुटुंब. गंमत अशी की इंग्रजीतील 'अप' आणि आपला 'उप' हे दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'उपासक' म्हणजे जवळ बसणारा. 'उपसंपदा', 'उपोसथ' यांतही तोच 'उप' आहे. आपल्याकडे त्याला 'जवळ' हा अर्थ राहिला, इंग्रजांकडे तो 'वर' चढला.

'वर' चढला खरा, पण तेथेही तो नेहमी वरच असतो असे नाही. 'ईट अप' म्हणजे वर खाणे नव्हे, तर खाऊन टाकणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणे. आपण जेथे 'टाकणे' जोडतो तेथे इंग्रज 'अप' जोडतो. तेव्हा 'अप' दिसला की 'वर' असा अर्थ लावण्याची सवय प्रथम सोडावी लागते.

आता आपल्या क्रियापदाकडे येऊ. त्याचे काही अर्थ सरळ आहेत, त्यांवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. वर्गात प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हात वर करणे, पावसात छत्री उघडणे, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावणे, सूचनाफलकावर यादी लावणे, १४ एप्रिलला मंडप घालणे, इमारत उभारणे, या सर्वांना 'पुट अप' चालते. येथे काही तरी उंच होते किंवा उभे राहते, म्हणून मूळ अर्थ डोळ्यांपुढे राहतो. भाडे किंवा दर वाढविणे हाही अर्थ त्यातलाच. निवडणुकीत उमेदवार उभा करणे यासाठीही हाच शब्द. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत उमेदवार 'पुट अप' केले, ते बहुतेक निवडूनही आले. मराठीतही आपण उमेदवार 'उभा'च करतो. दोन्ही भाषांना येथे एकच चित्र सुचले. एखाद्या कामासाठी भांडवल पुरविणे, घर विक्रीस काढणे, कोणाला तरी फूस लावणे, हेही याच शब्दाचे अर्थ आहेत. फूस लावण्याच्या अर्थी मात्र पुढे 'टू' येतो. मधे जोडरेघ देऊन 'पुट-अप जॉब' म्हटले की अर्थ होतो आधी संगनमत करून रचलेला बनाव. अमेरिकेत तर फळे आणि लोणची बरण्यांत भरून ठेवण्यालाही 'पुट अप' म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींना हा अर्थ सर्वांत जास्त आवडला.

एक जुना अर्थ मात्र विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावा असा आहे. १६११ साली सिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात हे क्रियापद तलवार म्यानात घालण्याच्या अर्थाने आले आहे. आणि आज 'पुट अप अ फाइट' म्हणजे नेटाने झुंज देणे! शस्त्र म्यान करणे आणि लढा देणे, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात. कोणता अर्थ घ्यावयाचा हे पुढचे नाम सांगते. म्हणून आम्ही आता वर्गात एकटे क्रियापद कधीच फळ्यावर लिहीत नाही, नामासह पूर्ण वाक्य लिहितो. वाक्य मोठे झाले तरी चालेल.

ज्या अर्थाने त्या मुलाची फजिती केली तो खास आपल्या देशी कचेऱ्यांचा आहे. विलायतेत प्रस्ताव 'पुट अप' होतो, पण फाईल 'पुट अप' करणे ही भारतीय कारकुनी इंग्रजीची देणगी. आलेले पत्र, ज्याला दप्तरी भाषेत 'पी.यू.सी.' म्हणजे विचाराधीन पत्र म्हणतात, ते फाईलमध्ये लावायचे, त्यावर मागील संदर्भ, नियम आणि आपले मत यांची टिप्पणी लिहायची आणि निर्णयासाठी वरिष्ठांपुढे ठेवायची, एवढी सगळी कृती या दोन शब्दांत आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर महाराष्ट्राचा कारभार मराठीत आला. कागदावर 'आदेशार्थ सादर' असे सुंदर शब्द उमटू लागले. पण तोंडी अजून 'पुट अप'च. ते चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गावी जायचे तेथील बोली शिकावी. आमचा आक्षेप एवढाच की ही बोली कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ज्यांच्या घरी दोन पिढ्या कचेरीत गेल्या त्यांना ती जेवणाच्या ताटावर ऐकू येते. ज्याच्या घरातून पहिलाच माणूस कचेरीची पायरी चढतो त्याने ती कोठून ऐकावी? महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्याआधीची आपली मुले पाचवीत अक्षरे गिरवू लागत आणि शाळा सुटल्यावर इंग्रजीचा एक शब्दही त्यांच्या कानी पडत नसे.

आणखी एक भारतीय रूप सांगितले पाहिजे. 'मी अमुक ठिकाणी पुट अप आहे', म्हणजे तेथे राहतो, असे आपल्याकडे सर्रास बोलतात. मुलाखतीत शक्यतो हे बोलू नये, 'स्टे' किंवा 'लिव्ह' वापरावा. परंतु मूळ अर्थ, म्हणजे पाहुण्याला ठेवून घेणे किंवा कोठे तरी मुक्काम करणे, हा अस्सल इंग्रजी आहे. या अर्थापाशी आम्ही फार वेळ रेंगाळलो. इंग्रजी भाषा पाहुण्याला वर घेते, मराठी भाषा त्याला खाली उतरविते! 'पाहुणे कोठे उतरले आहेत?' असेच आपण विचारतो. घोड्यावरून, बैलगाडीतून उतरावे आणि ज्याच्या दारी उतरावे त्याच्याकडे मुक्काम करावा, असा तो शब्द घडला असावा. दिशा उलट, अर्थ एकच.

पण दारी उतरण्यासाठी दार उघडे असावे लागते. सप्टेंबर १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले तरुण भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी त्या शहरात उतरले, तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न हाच होता की कोठे 'पुट अप' करावे. हिंदू खानावळीत प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक होते. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले डझनभर लोक आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्रीची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून घालविला आणि ते मुंबईस परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कोलंबियाने शिकविलेल्या उत्तम इंग्रजीत त्या माणसाला 'पुट अप'चे सर्व अर्थ येत होते, पण शहरात खोली मिळत नव्हती.

इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हांला वाटते की वसतिगृहांची चळवळ या एका अर्थापासून वाचता येते. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने आरंभीच हाती घेतलेल्या कामांत जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात सुरू केलेले वसतिगृह होते. शाळा गावात असली तरी शाळेच्या गावी उतरायचे कोठे, हा प्रश्न सुटल्याशिवाय शाळेचा उपयोग नव्हता. आपले विद्यालय निवासी आहे याचे मूळ तेथे आहे. इंग्रजीत वसतिगृह आधी 'पुट अप' केले जाते, म्हणजे बांधले जाते. मग त्यात मुले 'पुट अप' होतात, म्हणजे राहतात.

शेवटचा अर्थ सर्वांत अवघड. 'पुट अप'पुढे आणखी एक 'विथ' जोडला की अर्थ होतो सोसणे, निमूटपणे चालवून घेणे. हे कसे घडले? सोळाव्या-सतराव्या शतकांत अपमान 'पुट अप' करणे म्हणजे तो खिशात घालणे, बदला न घेता गिळणे, असा प्रयोग होता. तलवार म्यान करण्याच्या अर्थाचा तो सख्खा भाऊ. पुढे त्याला 'विथ' जोडला गेला. इंग्रज अपमान खिशात घाली, आपण अपराध पोटात घालतो. खिसा रिकामा करता येतो, पोटात गेलेले जिरते किंवा बाधते.

व्याकरणाची एक गोष्ट येथेच सांगून टाकू. साध्या 'पुट अप'च्या मधे सर्वनाम बसते, 'पुट इट अप' असे म्हणावे लागते. पण 'पुट अप विथ' हे तिघे एकमेकांना सोडत नाहीत. सर्वनाम त्यांच्या शेवटी येते. वाक्याच्या अखेरीस असे शब्द येऊ नयेत, या पंडिती नियमाची चेष्टा करणारा एक विनोद विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर सांगितला जातो. त्यात 'अप' आणि 'विथ' यांना ओढून वाक्याच्या पुढे नेले आहे आणि त्यामुळे वाक्याची पार दैना झाली आहे. तो विनोद खरोखर चर्चिल यांचाच, याला भक्कम पुरावा नाही. मोठ्या माणसांच्या नावावर अशी उसनवारी फार होते.

पंडित हा शब्द आला म्हणून थोडे विषयांतर. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दरबार, न्यायालय व चर्च यांच्या भाषेतून फ्रेंच-लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. त्यामुळे 'पुट अप'च्या प्रत्येक अर्थासाठी एक भारदस्त जोडीदार सापडतो. उभारण्यासाठी 'इरेक्ट', राहण्याची सोय करण्यासाठी 'अकॉमोडेट', उमेदवारीसाठी 'नॉमिनेट', सादर करण्यासाठी 'सबमिट', सोसण्यासाठी 'टॉलरेट'. आपल्या विद्यार्थ्यांना हे भारदस्त शब्दच सोपे वाटतात, कारण त्यांना एकच अर्थ असतो आणि तो कोशात चटकन सापडतो. शेतकऱ्या-मजुरांच्या तोंडचे 'पुट अप' त्यांना अडविते! विनयपिटकात कथा आहे की ब्राह्मण कुळांतून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बसविण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. आम्हांला वाटते, इंग्रजी शिकविणाऱ्यानेही मुलांना आधी बाजारातले इंग्रजी द्यावे, दरबारातले मागून.

तर, सोसणे. आपल्या दहा पारमितांत खन्ती आहे, म्हणजे क्षमाशीलता, सहनशीलता. काही जण तिला 'पुट अप विथ' समजतात. आम्हांला ते मान्य नाही. पारमितांच्या क्रमात खन्तीच्या लगेच आधी विरिय येते, म्हणजे पुरुषार्थ, पराक्रम. ज्याला प्रतिकार करता येतो त्याने द्वेष न धरणे ही खन्ती; ज्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही त्याला 'चालवून घ्या' म्हणणे ही खन्ती नव्हे. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठरविले, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी आपल्याला बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे ओळीने चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्या दिवशी 'पुट अप विथ' थांबले आणि 'पुट अप अ फाइट' सुरू झाले. तरीही आपल्या लोकांनी हल्ल्याला हल्ल्याने उत्तर दिले नाही. खन्ती त्याला म्हणावे.

परीक्षेच्या दृष्टीने विद्यार्थ्यांसाठी एकच सूचना. 'पुट अप' पुढ्यात आले की थांबावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पुढे 'विथ' किंवा 'टू' आहे का, नाम कोणते आहे, आणि बोलणारा कोठे उभा आहे. तिसरी गोष्ट कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. शाळेत हे क्रियापद सूचनाफलकाकडे बोट दाखविते, रेल्वे स्थानकावर मुक्कामाकडे, कचेरीत साहेबांच्या टेबलाकडे.

आमचा तो विद्यार्थी आता पदोन्नती मिळून त्याच प्रकारच्या कार्यालयात कक्ष अधिकारी आहे. मागील मेळाव्यात त्याला विचारले, "नव्या मुलांना तू काय सांगतोस?" तो म्हणाला, "सर, मी पुट अप करा असेच म्हणतो, ते त्यांना ऐकून माहीत असलेच पाहिजे. पण पहिल्या दिवशी शेजारी बसवून एक फाईल माझ्या हाताने करून दाखवितो. पत्र लावतो, टिप्पणी लिहितो, आणि माझ्याच टेबलावर आणून ठेवतो." आणि मग हसून पुढे म्हणाला, "कपाटावर काही ठेवू देत नाही."